ॲव्होकॅडोची कोय कुंडीत लावा. दुकानदाराच्या भरवशावर बाग लावू नका

सध्या ॲव्होकॅडोबद्दल बरीच विचारणा होते आहे. शहरातून विचारतात ते खाल्लेल्या फळाची कोय लावण्याबद्दल, आणि दिंडोरी-निफाडकडून विचारतात ते द्राक्ष काढून हे पीक घ्यावे का याबद्दल. उत्तरे एकत्रच देतो.

प्रश्न : फळ कडक राहते, नाहीतर आतून काळे निघते. खायचे कधी? आणि कोय कशी लावायची? (गंगापूर रोड, नाशिक)

ताई, हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकते. कडक फळ फ्रिजमध्ये टाकू नका. केळ्यासोबत कागदी पिशवीत बाहेर ठेवा आणि देठाजवळ अंगठ्याने हलके दाबून पाहा. तिथे दबले की खायला तयार. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घालून कोशिंबीर करा. कढईत परतू नका, गर कडवट होतो. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम स्निग्धांश असतो, तेव्हा एका माणसाला अर्धे फळ पुरे. कोय वाळवून तिची पूड खायला सांगणारे भेटतील. ती खाऊ नका.

कोय वाळू द्यायची नाही. वाळली की मेली. गर धुऊन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लावा. रुंद बूड खाली, निमुळते टोक वर, आणि वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर. काड्या टोचून पाण्याच्या ग्लासवर ठेवलीत तरी मूळ फुटते, पण मी थेट मातीतच लावायला सांगतो. पाण्यात वाढलेले मूळ मातीत हलवताना हमखास मोडते. पोयटा, शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात घ्या, कुंडीची भोके मोकळी ठेवा. मुहूर्त फेब्रुवारी-मार्चचा. डिसेंबरच्या थंडीत लावून महिनाभर वाट पाहायची, मग उकरून पाहायचे, हे करू नका. कोंब यायला दीड-दोन महिनेही लागतात.

आता महत्त्वाचे. पहिले तीन-चार महिने खत नाही. रोप कोयीवर जगत असते. दुकानदार १९:१९:१९ या विद्राव्य खताची पुडी, ह्युमिक, ‘मुळ्यांचे टॉनिक’ हातात देईल. घेऊ नका. त्यानंतर ओंजळभर गांडूळखत, बस्स. आणि आरओ मशीनमधून वाया जाणारे पाणी या कुंडीत ओतू नका. घरोघरी तेच चालते, मग पानांची टोके तपकिरी होऊन कडा जळत जातात. हा रोग नाही, क्षार आहेत. त्यावर बुरशीनाशक फवारलेत तर पैसेही गेले आणि पानेही.

प्रश्न : ॲव्होकॅडोच्या ‘हास’ जातीची ग्राफ्टेड (कलमी) रोपे घरपोच देतो, तिसऱ्या वर्षी फळ, असे एक विक्रेता म्हणतो. दोन एकर लावू का? (ता. दिंडोरी)

भाऊ, आधी रोपाची टेप सोडून पाहा. जमिनीपासून वीतभर उंचीवर कलमाचा सांधा, सालीतला फरक, जुळल्याची खूण दिसली पाहिजे. कोयीच्या सरळ रोपाला नुसती टेप गुंडाळून ते कलम म्हणून खपवतात. हापूसच्या कोयीपासून हापूस येत नाही, तसेच इथे आहे. कोयीच्या झाडाला फळ यायला पाच ते दहा वर्षे, कधी त्याहून जास्त, आणि फळ कसले येईल ते सांगता येत नाही. १९६९ च्या कायद्याने फळरोपवाटिकेला परवाना लागतो. परवाना क्रमांक, जात आणि खुंट (ज्यावर कलम बांधले ते मूळ रोप) लिहिलेले पक्के बिल मागा. बिल नाही तर रोप नाही.

दुसरे, जमीन. द्राक्षाला चालली म्हणून याला चालेल असे समजू नका. याची अन्न घेणारी मुळे वरच्या फूटभर मातीतच असतात. काळी, चोपण, चुनखडीची जमीन असेल तर सोडून द्या. निचऱ्याची, मुरमाड, साडेपाच ते साडेसहा सामूची (पीएच) जमीन हवी. आपल्याकडे सामू बहुतेक आठच्या आसपास निघतो, म्हणून माती आणि पाणी दोन्ही तपासल्याशिवाय रुपया खर्चू नका. निफाडकडे थंडीत पारा पाचच्या खाली उतरतो, त्यात कोवळी रोपे करपतात. एप्रिल-मेमध्ये खोड भाजते. पहिली दोन वर्षे शेडनेट आणि खोडाला चुना लागणारच.

लावायचेच असेल तर दोन एकर नको, आधी दहा-वीस झाडे लावा. खड्डा भरून नाही, दोन फूट उंच उंचवट्यावर, आणि वर वीतभर जाड पाचट किंवा वाळका पाला, खोडापासून थोडा दूर. मी प्रत्येकाला हेच सांगतो, पुन्हा सांगतो : उंचवटा आणि आच्छादन. या दोन गोष्टींनी जेवढी झाडे वाचतात तेवढी कुठल्याही बाटलीने वाचत नाहीत. जून-जुलैच्या झडीत लावू नका, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर बरे. हासचे फूल ‘अ’ गटातले, म्हणजे सकाळी मादी म्हणून उघडते. त्या वेळी पराग मिळावा म्हणून फुएर्टेसारख्या ‘ब’ गटातल्या जातीची काही झाडे मध्ये हवीत. हे विक्रेता कधी सांगत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पाने मलूल झाली. दुकानदाराने कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) दोन्ही दिले. (ता. सिन्नर)

पाने मलूल, माती ओली : ही फायटोप्थोरा बुरशीची मूळकूज. पाणी आधी थांबवा. बोटाने माती उकरून मूळ पाहा. पांढरे असेल तर ठीक, काळे होऊन तुटत असेल तर कुजले. द्राक्षाच्या डाऊनी (केवडा) रोगावर कार्बेन्डाझिम चालत नाही हे द्राक्षवाल्याला सांगायला नको. ही बुरशी त्याच कुळातली आहे. वर तेच औषध ट्रायकोडर्मालाही मारते. म्हणजे दोन बाटल्यांचे पैसे घेतले आणि उपयोग एकीचाही नाही. चर काढून पाणी बाहेर काढा, ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या. लेबलवर या पिकाचे नाव नसलेले औषध मारू नका, दुप्पट मात्रा तर मुळीच नाही. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश वापरू नका, त्यातले क्लोराइड या झाडाला सोसत नाही. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

छाटलेला पाला शेळ्यांना टाकू नका, वाळलासुद्धा. त्यातल्या पर्सिन या विषाने कास सुजते, दूध आटते, हृदयावरही परिणाम होतो. कोंबड्या आणि पाळीव पक्ष्यांनाही फळ-पाला देऊ नका.

अनुदानाचे थोडक्यात : अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. पूर्वसंमतीआधी घेतलेल्या रोपांचे पैसे मिळत नाहीत. कुंडीतल्या किंवा कोयीच्या रोपांना काही नाही. सातबारा आणि माती-पाण्याचा अहवाल घेऊन तालुका कृषी कार्यालयात या, रोपांचे पैसे भरण्याआधी.