गिअरबॉक्स उघडण्याआधी लिहून घ्या

नमस्कार दादा, देवगडहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं, जॉबकार्डांचे (वर्कशॉप गाडी घेताना तक्रार आणि काम लिहून देतं ते कागद) फोटो पण मिळाले. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुम्ही कोल्हापूरच्या शोरूममधून १३ लाखांची सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणारा गिअरबॉक्स) ऑटोमॅटिक गाडी घेतली, २ वर्षांची वॉरंटी आणि वर पैसे भरून आणखी २ वर्षांची एक्स्टेंडेड. ऑगस्ट २०२४ पासून गाडी चढावर हळू चालवताना थरथरायला लागली, तेव्हा वर्कशॉपवाले म्हणाले 'सीव्हीटी असंच असतंय साहेब', आणि मे २०२५ मध्ये फोंडा घाटात डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा पेटला, पिकअप गेला, मागे एसटी हॉर्न मारतेय, गाडीत आई आणि मुलं, अशा अवस्थेत तुम्ही घाट चढलात. आता गिअरबॉक्ससाठी २ लाख ४० हजारांचं एस्टिमेट हातात दिलंय आणि एक्स्टेंडेड वॉरंटी नाकारलीय, कारण काय तर मध्ये एकदा ऑइल बाहेरच्या गॅरेजात बदललं.

नवी गाडी मागू का, असं विचारलंय. मागता येते पण माझं मत विचाराल तर मुख्य मागणी ती ठेवू नका. २००६ साली सुप्रीम कोर्टाने एका गाडीच्या क्लचच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की वॉरंटीत खराब पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची जबाबदारी असेल तर अख्खी गाडी बदलून द्या असं म्हणता येत नाही. तुम्ही गिअरबॉक्स फुकट बदलून, नव्या गिअरबॉक्सवर वॉरंटी, गाडी बंद होती त्या काळातला प्रवासखर्च आणि मनस्तापाची भरपाई एवढं मागा, ते टिकतं.

आता 'असंच असतं' याबद्दल, कारण समोरचा वकील सगळा जोर इथेच लावणार. स्कूटरमध्ये बेल्ट असतो ना, दोन पुलींच्या मधला, तेच तत्त्व सीव्हीटीत आहे, फक्त कारमध्ये बेल्ट बहुतेक वेळा स्टीलचा असतो, शेकडो पातळ पत्र्यांचा, आणि पुलीवर त्याची पकड तेलाच्या प्रेशरवर टिकते. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मागाहून पळते, हे नॉर्मल, याच्यावर केस होत नाही. पण २०-३० च्या स्पीडला थरथर, चढावर बेल्ट सरकल्यासारखं वाटणं, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी शिट्टी, हे नॉर्मल नाही आणि तुमच्या व्हिडिओत थरथर आणि शिट्टी दोन्ही दिसतंय, ऐकू येतंय. तो व्हिडिओ ज्या मोबाईलवर काढला तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका, ग्राहक आयोगापुढे व्हिडिओसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट द्यावं लागेल.

खरी ताकद मात्र जॉबकार्डात आहे. पहिल्या कार्डावर नुसतं 'जनरल चेकअप' छापलंय, त्याचा उपयोग शून्य. दुसरं, २७ हजार किलोमीटरचं, त्याच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहिलंय 'चढावर थरथर, कस्टमर कम्प्लेंट' आणि खाली ॲडव्हायझरची सही. ते ऑगस्ट २०२४ चं आहे, म्हणजे मूळ वॉरंटी चालू असतानाचं! बाहेर ऑइल बदललं नोव्हेंबर २०२४ मध्ये. थरथर आधी आणि ऑइल नंतर, मग ऑइलने थरथर आली कशी, हे त्यांनी सांगायचंय. हे कार्ड लॅमिनेट करू नका, ओरिजिनल तसंच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

ऑइलबद्दल मला एक काळजी होती की गॅरेजवाल्याने साधं ऑटोमॅटिकचं ऑइल तर नाही ओतलं, कारण सीव्हीटीला वेगळं लागतं आणि चुकीचं पडलं तर आपली बाजू खरंच लंगडी पडते. पण तुमच्याकडे कंपनीच्याच पार्ट काउंटरचं बिल आहे, त्यावर पार्ट नंबर आहे, मग प्रश्न मिटला. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने (हा ग्राहक आयोग नाही, बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणारा केंद्राचा आयोग) १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात पण हेच होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका. त्यावर अपिलं झाली, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर राहू नका, पण केसआधी डीलर-कंपनीला पाठवायच्या नोटिशीत उल्लेख जरूर करा.

गाडी अजून वर्कशॉपमध्येच आहे ना? मग आजच ईमेल टाका की माझ्या लेखी परवानगीशिवाय गिअरबॉक्स उघडायचा नाही, उघडायचा तर माझ्यासमोर, ऑइलचं सॅम्पल सील करून, आणि काढलेला पार्ट टाकून द्यायचा नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली ग्राहक आयोग तपासणीसाठी वस्तू लॅबकडे पाठवू शकतो, पण तपासायला काही उरलं तर ना. भोळेपणाने 'करा काय ते' म्हणणारी माणसं पुरावा स्वतःच्या हाताने घालवून बसतात, हे मी फार पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. गाडी अगदीच अडली आणि पैसे भरावे लागले तर बिलावर 'हरकत राखून' लिहूनच सही करा, समाधानपत्रावर तर अजिबात नको.

केससाठी कोल्हापूरला खेपा घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला ओरोस, सिंधुदुर्ग जिल्ह्याचं मुख्यालय. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, वकील लावलाच पाहिजे असं नाही, अर्ज केला तर व्हिडिओवर सुनावणी पण मिळू शकते. डीलर, कंपनी आणि एक्स्टेंडेड वॉरंटी ज्याच्या नावाने आहे तो, तिघांनाही पार्टी करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवत बसतील. मुदत २ वर्षांची असते, ते नकाराच्या तारखेपासून मोजा असं तुम्ही म्हणाल, पण मी ऑगस्ट २०२४ पासूनच मोजतो म्हणजे वाद नको.

हापूसच्या पेट्यांचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत ते बरं केलं. सीझनमध्ये घरच्या बागेतल्या चार पेट्या गाडीतून कोल्हापूरला नेल्या म्हणून गाडी धंद्याची होत नाही, गाडी घेतली ती कुटुंबासाठी, त्यामुळे तुम्ही कायद्याने ग्राहकच राहता. समोरचे विचारतील, तेव्हा लपवू नका, आहे ते सांगा.

एक्स्टेंडेड वॉरंटीच्या पुस्तिकेचं जे पान दाखवून त्यांनी नकार दिला त्याचा फोटो तुम्ही पाठवलेला नाही. तो पाठवा, नोटिशीचा मसुदा त्याच्यावरच बेतावा लागेल.