फ्लॅश चेहऱ्यावर नको, भिंतीवर मारा

तुम्ही विचारलंय की बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा असे घरगुती कार्यक्रम काढता, बाहेरचा फ्लॅश नवीन घेतलाय, तरी चेहरे पांढरेफटक येतात, मागे भिंतीवर काळी सावली पडते आणि साडीची जर नुसती चमकते. त्यावर प्लॅस्टिकचा डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशवर बसणारी प्रकाश पसरवणारी टोपी, घेऊ का?

आत्ता काहीच घेऊ नका. फ्लॅशचं डोकं फिरवा, एवढंच करा.

प्रकाश मऊ पडतो की टोचतो, हे चेहऱ्याच्या जागेवरून तो केवढा मोठा दिसतो यावर ठरतं. फ्लॅशची काच जेमतेम दोन काडेपेट्यांएवढी. ती सरळ तोंडावर रोखली की नाकाची सावलीही सुरीने कापल्यासारखी पडते. डिफ्यूझरची टोपी घातली तरी काच फार तर मुठीएवढी होते. तोच प्रकाश भिंतीवर मारलात तर चार-पाच फुटांचा भिंतीचा तुकडाच तुमचा दिवा होतो.

बरेच जण डोकं सरळ छताकडे करतात. त्याने सावली जाते, पण प्रकाश फक्त वरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. फेटा असेल तर विचारूच नका. त्यापेक्षा डोकं तुमच्या खांद्यावरून मागे, बाजूच्या भिंतीकडे वळवा. स्टेशनरीच्या दुकानातला काळा कार्डपेपर रबरबँडने फ्लॅशला असा लावा, की समोरच्या माणसाला काच दिसणारच नाही. मग प्रकाश खिडकीतून आल्यासारखा एका बाजूने येतो.

डोहाळजेवणाचंच घ्या. झोपाळा पडद्याला चिकटून असेल तर घरच्यांना सांगून तो तीन-चार फूट पुढे घ्या. डावीकडच्या भिंतीवर फ्लॅश मारा. फोटोत उजवीकडे दिसणारा गाल हळूहळू सावलीत उतरतो, फुलांच्या दागिन्यांची पाकळी न् पाकळी उठून दिसते. आणि साडीची जर! ती प्रकाशाचा आकारच परत दाखवते. प्रकाश छोटा असेल तर ठिणग्या, मोठा असेल तर पदरभर पसरलेली झळाळी. इरकलीचा पदर असा एकदा टिपलात की सरळ फ्लॅश मारावासा वाटणार नाही.

सुरुवातीला कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा: शटर १/१२५, ॲपर्चर एफ/४, आयएसओ ८००, फ्लॅश १/४ ताकदीवर. भिंतीवरून येताना प्रकाश बराच कमी होतो, दोन स्टॉप, म्हणजे पावपट, तर सहज. अंधार वाटला तर आयएसओ १६०० करा, घाबरू नका. फोटोत जरासा दाणा चालतो, सपाट चेहरा चालत नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत भिंती पोपटी नाहीतर आकाशी, वर पत्रा. पोपटी भिंतीवरून आलेला प्रकाश चेहरा आजारी करतो, त्यात घरातल्या बल्बचा पिवळा मिसळला की नंतर कॉम्प्युटरवरही धड सुधारत नाही. अशा वेळी एखाद्या भाच्याला पांढरी चादर ताणून धरायला सांगा आणि तिच्यावर फ्लॅश मारा. थर्माकोलची मोठी शीटही चालेल. फक्त नक्षीची सोलापुरी चादर नको, तिचा रंग गालावर उतरतो.

मंगल कार्यालयात छत उंच, भिंती लांब. तिथे डिफ्यूझरसाठी ठेवलेले पैसे ट्रिगर (कॅमेऱ्यापासून दूरचा फ्लॅश उडवणारं यंत्र), स्टँड आणि पांढऱ्या छत्रीवर घाला. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, जोडप्याच्या एका बाजूला साधारण ४५ अंशांत, डोक्याच्या थोडा वर आणि चौकटीत येणार नाही इतपत जवळ ठेवा. छत्री लांब नेली की ती पुन्हा छोटी होते, प्रकाश पुन्हा टोचायला लागतो. शटर १/२०० च्या वर नेऊ नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यापुढे फोटोत काळा पट्टा येतो. आणि स्टँडपाशी माणूस उभा करा, लग्नात पोरं पळत असतात.

जानेवारीत सोलापुरातल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत संध्याकाळी फोटो काढणार असाल तर मात्र उघड्यावर ना भिंत, ना छत. डिफ्यूझर लावलात तर निम्मा प्रकाश आभाळात जाईल आणि बॅटरी संपेल. तिथे फ्लॅश सरळच मारा, पण १/३२ किंवा १/१६ वर, आणि शटर १/६० पर्यंत खाली आणा, म्हणजे मागचे दिवेही येतात. यात्रेतले उंच नंदीध्वज धरणाऱ्यांची पांढरी बाराबंदी (बंदांचा पारंपरिक अंगरखा) टीटीएलला, म्हणजे फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणाऱ्या मोडला, फसवते. पांढरं जास्त दिसलं की तो मोड प्रकाश कमी करतो आणि चेहरे काळवंडतात, म्हणून तिथेही फ्लॅश मॅन्युअलवरच ठेवा.