लाईट गेली, फर्मेंटर तापला, यीस्ट फेकू का?

प्रश्न : सर, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्टला असतो. मागच्या आठवड्यात रात्री लाईट गेली, कूलिंगचा पंप तीन तास बंद, मळीचा फीड मात्र जनरेटरवर चालू होता. फर्मेंटर (मळी आंबवायची टाकी) 33 वरून 37 डिग्रीवर गेला, फेस वर आला म्हणून टीआरओ (टर्की रेड ऑइल, फेस मारायचं तेल) ओतलं. तेव्हापासून वॉशमध्ये (आंबून तयार झालेल्या मळीत) 9 टक्के अल्कोहोल यायचं ते 7 वर अडकलंय आणि आंबट वास येतोय. यीस्ट आम्ही रिसायकल करतो. साहेब म्हणतात सगळं यीस्ट फेका. काय करू?

उत्तर : थांबा, एवढ्यात फेकू नका. त्या रात्रीची चूक फीडची, कारण यीस्ट साखर खातं तेव्हाच उष्णता सोडतं, म्हणजे थंड करायचं बंद पडलं असताना तुम्ही चुलीत लाकडं घालत बसलात. पंप थांबला की पहिल्या मिनिटाला फीड बंद, बाकी सगळं नंतर. आणि 37 डिग्री सुरुवातीला यीस्ट एकवेळ सोसतं, पण अल्कोहोल 8-9 टक्क्यांवर असताना तीच गरमी त्याला मारते. फेसाचं एवढं नाही हो, 100 किलो ग्लुकोजमधून 51 किलो अल्कोहोल आणि 49 किलो गॅस हा कागदावरचा हिशोब, एवढा गॅस निघतो म्हटल्यावर फेस येणारच.

आंबट वास म्हणजे लॅक्टोबॅसिलस. दह्यातल्या जिवाणूंची भावकी, 37 डिग्री म्हणजे त्यांना आवडती हवा, यीस्ट दमलं की हे साखर खातात आणि आम्ल सोडतात, आणि तुम्ही यीस्ट परत वापरता म्हणून तेच बिऱ्हाड पुढच्या बॅचला जातं. लॅबला आधीच्या बॅचची व्हीए (व्होलाटाइल ॲसिडिटी, वाफेबरोबर उडणारं आम्ल किती ते) आणि आताची शेजारी लिहायला सांगा, वाढलेली दिसली तर जिवाणूंचंच काम. मग स्लाईडवर मिथिलिन ब्लूचा थेंब टाकून बघा, मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत पांढऱ्याच राहतात. बहुतेक पांढऱ्या असल्या तर सल्फ्युरिक ॲसिडने यीस्टचा पीएच 2 ते 2.5 वर आणून तास-दोन तास ठेवा, ब्राझीलमध्ये हे रोजचंच आहे, यीस्ट तगतं, जिवाणू बरेचसे मरतात. अर्ध्याहून जास्त निळ्या निघाल्या तर मात्र साहेबांचं ऐका, प्री-फर्मेंटरमधून (यीस्ट वाढवायच्या छोट्या टाकीतून) नवीन यीस्ट घ्या, पण आधी टाकी आणि लाईन नीट धुवून.

अजून एक, लाईट आल्यावरही टेंपरेचर पटकन उतरलं नसेल तर पीएचई (प्लेट हीट एक्स्चेंजर, पाण्याने फर्मेंटर थंड करायचं प्लेटांचं यंत्र) उघडा. मळीतलं कॅल्शियम प्लेटांवर बसतं, पाणी आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही पाईपांना हात लावला आणि फरक जाणवला नाही तर समजा पाणी नुसतंच फिरतंय. आणि वास घ्यायला मॅनहोलमध्ये डोकं घालू नका, आत कार्बन डायऑक्साइड असतो, सॅम्पल कॉकवरूनच घ्या.