गणिताची पत्रपेटी : नऊ एकांचा वर्ग

प्रश्न : सातवीतल्या नातीनं १११११११११ ला त्याच संख्येनं गुणायचा हट्ट धरला. मोबाईलनं उत्तर अर्धवट दाखवलं, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार मांडला. आलं १२३४५६७८९८७६५४३२१! पोर म्हणे, "आबा, हाई काय शे?" ही संख्या कोणत्या प्रकारची? वाचायची कशी?
— केळी बागायतदार, रावेर तालुका

उत्तर : आबा, गुणाकार बिनचूक आहे. तो कागद पुन्हा समोर घ्या. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या उभ्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ, मग पुन्हा उतरण. कुठेच हातचा येत नाही, म्हणून उत्तर दोन्ही बाजूंनी सारखंच वाचता येतं. आता नातीला दहा एक घ्यायला सांगा. मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ मिळतं. डौल मोडला! वर्गात हे फळ्यावर करताना मुलं श्वास रोखून बसायची.

उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१. का? कागदावर एक आहेतच ९ × ९. या ८१ नं संख्येला निःशेष भागही जातो, उत्तर १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' म्हणतात. हे नाव देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिलं. तुमच्या संख्येच्या अख्ख्या कुळालाच, म्हणजे १, १२१, १२३२१ वगैरेंना, त्यांनी 'डेम्लो' म्हटलं. शाळामास्तरानं केवळ आवडीपोटी एवढं शोधावं, याचा मला फार अभिमान वाटतो.

मूळ, म्हणजे अविभाज्य, संख्या मात्र ही नाही. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि वर्गात हे सगळे दोनदा येतात. त्यामुळे संयुक्त, विषम, पूर्ण वर्ग. एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते, कारण बाकीच्यांच्या जोड्या लागतात आणि वर्गमूळ स्वतःशीच जोडी लावतं.

आता वाचन. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम असे : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीच्या पुढची नावं भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहेत : अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. दर नाव आधीच्याच्या दहापट. तुमच्या संख्येत सतरा अंक, म्हणून पहिला १ 'मध्य' या घरात बसतो. परार्ध अवघं एक घर पुढे.

एखाद्या रविवारी नातीला चाळीसगावजवळच्या पाटणला घेऊन जा. तिथल्या देवीच्या देवळात भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढल्याचं त्यात कोरलेलं आहे.