देखाव्याचं चॅनल सगळ्यांना कसं दिसूलालंय?

प्रश्न: आमच्या शिवजयंती मंडळाचा डिस्कॉर्डवर (ग्रुपमध्ये बोलायचं अॅप) सर्व्हर, म्हणजे आमचा ग्रुप आहे, साठेक पोरं आहेत. चित्ररथावरच्या सजीव देखाव्याचे फोटो एका चॅनलवर टाकूलालोय आम्ही, आणि परवा तेच फोटो दुसऱ्या गल्लीतल्या पोरांच्या स्टेटसला! एकाला किक मारून काढला तर रात्रीत परत आत आला की ओ. काय करायचं?
– एक कार्यकर्ता, शहापूर, बेळगाव

उत्तर: वाचून खरंच वाईट वाटलं. महिनाभर रात्री जागून पोरं राबतात आणि मिरवणुकीआधीच देखावा फुटतो, जीव जळणारच.

तो परत आला कारण किक म्हणजे नुसतं बाहेर काढणं, इन्व्हाइटची, म्हणजे आत यायची लिंक चालू असली की माणूस पुन्हा आत. त्याला बॅन करा, म्हणजे त्या अकाउंटवरून लिंक असूनही येता येत नाही. मग सर्व्हर सेटिंग्जमध्ये इन्व्हाइट्स उघडून तिथल्या जुन्या लिंका सगळ्या रद्द करा, कुणीतरी व्हॉट्सअपवर टाकलेली असणारच त्यातली एखादी. नवी लिंक काही न बदलता बनवली तर 7 दिवस चालते, तुम्ही 1 दिवस आणि 1 वापर असं ठेवा. आणि हो, 'एव्हरीवन' रोलमधून (रोल म्हणजे कुणाला काय करता येईल ते ठरवणारा शिक्का, हा सगळ्यांनाच असतो) क्रिएट इन्व्हाइट बंद करा, नाहीतर तुम्ही रद्द करत बसाल आणि पोरं नवीन काढत बसतील.

आता चॅनल. देखाव्याच्या चॅनलचं गिअर दाबा, परमिशन्समध्ये प्रायव्हेट चॅनल चालू करा, 'देखावा' नावाचा एक रोल बनवून तेवढाच तिथं जोडा आणि जे खरोखर काम करूलालेत त्या आठदहा जणांनाच तो द्या. बाकीच्यांना चॅनल दिसतच नाही, त्यामुळे मला का नाही घेतलं म्हणून रुसवाफुगवी पण कमी. फक्त ज्याला रोल द्याल त्याला मागचे फोटो पण दिसतात, मेसेज हिस्ट्री बंद केली नसेल तर, म्हणून देताना विचार करा.

मंडळात सगळ्यात जास्त घोळ होतो तो अॅडमिनमुळे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, मान म्हणून सगळ्यांनाच अॅडमिनिस्ट्रेटर देऊन टाकतात, आणि ज्याच्याकडे ती परमिशन आहे त्याला प्रायव्हेट चॅनल सुद्धा उघडंच असतं, तिथं तुमचं कुलूप चालत नाही. मान द्यायचा तर नावाला रंग असलेला साधा रोल द्या, अॅडमिन दोघंच ठेवा.

आतल्याच माणसानं स्क्रीनशॉट काढला तर मात्र कुठलीच सेटिंग अडवू शकत नाही, म्हणून फायनल फोटो टाकूच नका, ते शेडमध्ये येऊन बघू देत. बाकी सगळं झालं की रोल्समधून 'व्ह्यू सर्व्हर अ‍ॅज रोल' करून साध्या मेंबरच्या नजरेनं एकदा बघा, देखाव्याचं चॅनल यादीत दिसलं तर अजून कुठंतरी राहिलंय.