सीटचं कर्ज चार टक्क्यांनी पडत नाही

चिंचवडहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३३, चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी, हातात महिन्याला ७८ हजार. पत्नी सध्या घरी, मुलगी साडेतीन वर्षांची. नोव्हेंबर २०२४ मध्ये साडेआठ लाखांचं कर्ज काढून नवी स्विफ्ट घेतली, वरचं मॉडेल. रोज जाऊन-येऊन ७० किलोमीटर, त्यातला निम्मा वेळ मोशीच्या पुढे क्लचवर पाय ठेवून. पाठ धरते. म्हणून पुढच्या दोन्ही सीट काढून स्पोर्ट्स सीट बसवायच्या आहेत, कडेच्या उशा उंच असलेल्या, मागे झुकणाऱ्या. रेल आणि फिटिंग धरून जोडीचे १ लाख ६० हजार. नाना पेठेतल्या दुकानात ५ हजार बुकिंगही देऊन झालंय. प्रश्न एका ओळीचा: १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ, की क्रेडिट कार्डावर ईएमआय करू?

मी मात्र अडकलो पुढच्या ओळीत. ‘तसंही माझी बँकेची पॉलिसी १० टक्के हमी परतावा देते, त्यामुळे १४ टक्क्यांचं लोन मला ४ टक्क्यांनीच पडेल.’

सीट राहू द्या जरा. गाडीच्या कर्जाबरोबर बँकेने विकलेली ही विमा पॉलिसी आधी बघू.

तुम्ही सोबत दोन फोटो पाठवलेत. एक बेनिफिट इलस्ट्रेशनचं, म्हणजे किती भरायचं आणि किती मिळणार याच्या छापील तक्त्याचं चौथं पान, खाली तुमची सही. दुसरा बँकेच्या पॅडवरचा कागद, ज्यावर रिलेशनशिप मॅनेजरने निळ्या पेनाने लिहिलंय: ‘१२ भरा, २४ घ्या, १०% टॅक्स फ्री’, आणि २४ भोवती दोनदा गोल काढलाय. म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार, असे दहा हप्ते. मग थांबा. बाराव्या वर्षाच्या शेवटापासून दरवर्षी १ लाख २० हजार मिळू लागणार, ते वीस वर्षं. त्यानंतर काही नाही.

१२ लाखांवर वर्षाला १ लाख २० हजार, म्हणून १० टक्के. असा तो हिशोब. यात एक छोटीशी गोष्ट राहून गेली: तुमचे १२ लाख परत कुठे मिळतायत? एफडीत ७ टक्के व्याज मिळतं तेव्हा मुद्दल शेवटी हातात येतं. इथे जे ‘उत्पन्न’ म्हणून देणार आहेत त्यातच तुमचं मुद्दल चिमूट-चिमूट परत येतंय, तेही बारा वर्षं वापरून झाल्यावर. पैसे कोणत्या वर्षी गेले आणि कोणत्या वर्षी आले हे धरून मी दर काढला. सव्वाचार टक्के. मीटरने मोजावं तसं मोजलंय, फार तर पाव टक्का इकडेतिकडे.

तुलनेला काही भारी नको, पोस्टातलं साधं पीपीएफ घ्या. सध्याचा दर ७.१ टक्के. तेच १ लाख २० हजार दहा वर्षं भरले तर अकराव्या वर्षाअखेर १९ लाख होतात. त्यावरचं नुसतं व्याज वर्षाला १ लाख ३५ हजार, आणि १९ लाख जागच्या जागी. पॉलिसीवाले १ लाख २० हजार देणार आणि शेवटी हात झटकणार. पीपीएफचा दर उद्या कमी होऊ शकतो, मान्य. पण तो सव्वाचारपर्यंत घसरण्याची वाट बघत कोणी पॉलिसी घेत नाही.

‘८०सी मध्येही वाचतात’ असं तुम्ही लिहिलंय. तुमचा पगार बघता तुम्ही नव्या कररचनेत असणार, आणि असायलाच हवं. तिथे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. ८०सी ची वजावटही नाही. जो कर लागतच नाही तो वाचवायला तुम्ही वर्षाला १ लाख २० हजार भरताय.

आता महिन्याचा जमाखर्च. आकडे तुमचेच, बेरीज माझी. गाडीचा हप्ता पावणेचौदा हजार, भाडं १८, घरखर्च २२, पेट्रोल ९, मुलीची शाळा ४, साताऱ्याला आई-वडिलांना ५. झाले पावणेबहात्तर. पॉलिसीचे वर्षाला १ लाख २० हजार म्हणजे महिन्याला १० हजार धरा. पावणेब्याऐंशी. पगार ७८. उरलेले पावणेचार हजार येतात कुठून? पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: ‘कार्डावर ६२ हजार आहेत, पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो.’

तिथून येतात. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर वर्षाला ४२. सव्वाचार टक्क्यांवर बचत करायला तुम्ही ४२ टक्क्यांनी उधार घेताय. ६२ हजारांवर महिन्याला दोन हजारांच्या वर नुसतं व्याज जातं, वर त्यावर जीएसटी. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, वेळेवर भरणारा गिऱ्हाईक बँकेला फार आवडतो, कारण त्याचं मुद्दल हलत नाही.

आणि विमा म्हणाल, तर या पॉलिसीत तुमच्या जिवावर १२ लाख आहेत. गाडीचंच कर्ज अजून सात लाख. उद्या काही झालं तर पाच लाखांत साडेतीन वर्षांच्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य. पत्रात टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे परतावा नसलेल्या नुसत्या आयुर्विम्याचा उल्लेख नाही, म्हणजे तो नसावा. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, साठीपर्यंत १ कोटीचा टर्म ढोबळमानाने वर्षाला १२-१५ हजारांत बसतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही गेलाय. आत्ता जे भरताय त्याच्या आठव्या हिश्श्यात आठपट विमा.

मग काय करायचं? पॉलिसीचा तिसरा हप्ता नोव्हेंबरात येईल. तो भरायचा नाही.

पण घाईने फॉर्मवर सही करू नका. आधी विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आत्ता सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच राहू दिली तर दरवर्षी किती. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत सरेंडरची रक्कम पूर्वीपेक्षा बरी मिळते, आणि तुमची पॉलिसी नोव्हेंबरची. नशीब एवढं तरी धावून आलं. भरलेल्या २ लाख ४० हजारांतले सव्वा ते दीड लाख हाती येतील असा माझा अंदाज. लाखभर गेले. दुखेल. पण ‘आता दोन हप्ते भरलेच आहेत तर’ म्हणून पुढचे आठ भरायचे, याचाही दर काढून बघितला. सरेंडरचे पैसे सोडून देऊन पुढे भरत राहिलात तर पाचच्या आसपास सुटतो. म्हणजे गेलेलं विसरलं तरी हे पीपीएफच्या खालीच.

पेड-अप ठेवणं एरवी वाईट नसतं. हप्ता बंद, आणि आत अडकलेलं मुद्दल बरा दर कमावतं. तुमच्याकडे कार्ड नसतं तर मी तेच म्हटलं असतं. पण ४२ टक्क्यांची आग लागलेली असताना पैसे सात टक्क्यांवर कशाला झोपवायचे? सरेंडर करा, त्यातून कार्डाचे ६२ हजार एका फटक्यात फेडा, उरलेले साठ ते नव्वद हजार वेगळ्या खात्यात अडीनडीला. टर्मचा प्रीमियम याच्या आधी, म्हणजे नवी पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी बंद. मधला एक दिवसही उघडा नको. मग दर महिन्याला सुटणाऱ्या १० हजारांतून पावणेचार हजारांचं भोक बुजतं, हजार-बाराशे टर्मला, आणि चार-पाच हजार खरोखर शिल्लक पडतात. तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत ते आरडीत, पुढे पीपीएफ किंवा इंडेक्स फंड. त्याचं पुढच्या पत्रात बोलू.

‘पॉलिसी घेतली तर कार लोन लवकर सँक्शन होईल’ असं तुम्हाला सांगितलं गेलं. कर्जासाठी विमा गळ्यात मारता येत नाही. तीस दिवसांत परत करण्याची मुदत कधीच उलटली, पण तक्रार करता येते. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, बँकेलाही प्रत. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा ते पटलं नाही, तर बीमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील नको. पैसे पूर्ण परत मिळतीलच असं नाही, कारण सही तुमची आहे आणि त्या चौथ्या पानावर खरे आकडे छापलेले आहेत. पण निळ्या पेनाचा तो कागद तुमच्या बाजूने बोलेल. लॅमिनेट करा हवं तर. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडर थांबवायचं की नाही, हे तारखा बघून ठरवा. नोव्हेंबर जवळ आला तर थांबू नका.

आता सीट. १ लाख ६० हजार, १४ टक्के, तीन वर्षं: हप्ता साडेपाच हजार, एकूण भरणा दोन लाखांना तीन हजार कमी. कार्डावरचा ‘नो कॉस्ट’ ईएमआय त्याहून गोड दिसेल. पण प्रोसेसिंग फी, व्याजावरचा जीएसटी आणि रोखीवर मिळणारी सूट सोडणं धरलं की कॉस्ट परत उगवते. महिन्याला पावणेचार हजार कमी पडतात त्या घरात साडेपाच हजारांचा हप्ता आणायला मी हो म्हणणार नाही.

पैसे असते तरी थांबवलं असतं, कारण वेगळं आहे. तुमच्या मॉडेलला सहा एअरबॅग आहेत आणि त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला शिवलेल्या आहेत. सीट काढली की त्या गेल्या. खालचा पिवळा कनेक्टर सुटला की डॅशवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो, मग फिटर तिथे एक रेझिस्टर लावून दिवा विझवतो. दिवा विझतो, एअरबॅग येत नाही. बेल्टचं बकलही सीटलाच असतं, ते नव्या रेलवर कुठल्या वेल्डिंगने बसवलंय हे अपघात झाल्यावरच कळतं. विमा कंपनीला बदल लेखी कळवला नसेल तर सर्वेयरला क्लेम अडवायला आयतं निमित्त. कंपनीची इलेक्ट्रिकल वॉरंटी त्या वायरिंगवरून नाकारली जाईल ती वेगळी. आणि ‘गाडी विकताना सीटचे वसूल होतील’? गिऱ्हाईक मूळ सीट कुठेत विचारतं. त्या तोवर तुमच्या गॅलरीत कुंड्यांशेजारी पाऊस खात असतील.

हौस मला कळते. माझ्या पहिल्या झेनमध्ये मी अडीच हजारांचं स्पोर्ट्स स्टिअरिंग बसवलं होतं, तेव्हा भाडं अठराशे होतं. बायको अजून तो विषय काढते.

पाठीसाठी आधी एक गोष्ट फुकट करून बघा: ड्रायव्हर सीट उंच करा, एक खाच पुढे घ्या, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. कंबरेला हजार-बाराशेची उशी. महिनाभरात फरक नाही पडला तर फिजिओथेरपिस्ट, चार-सहा बैठका, सगळं मिळून सीटच्या एका हप्त्यात. उंच कडांच्या सीटमध्ये रोज दहा वेळा चढ-उतर करून दुखऱ्या पाठीला आराम पडेल असं दुकानदार सोडून कोणी म्हणणार नाही.

राहिले नाना पेठेतले ५ हजार. परत मागा, पावती घेऊन जा. नाहीच दिले तर त्यात सीटकव्हर घ्या, पण साइड एअरबॅगच्या जागी शिवण मोकळी सोडलेलंच. बसवून घेताना स्वतः समोर उभे राहा.