एसएसडी बदलली, आता विंडोजची नवी की घ्यायची का?

प्रश्न : लॅपटॉपसोबत विंडोज ११ होम आलं होतं. डिस्क गेली म्हणून सीताबर्डीतल्या एका दुकानात एसएसडी बसवून घेतली. त्यांनी प्रो टाकून दिलं. आता कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ दिसतं. नवी की (विंडोजच्या परवान्याचा कोड) विकत घेऊ का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : अजिबात नको. कंपनीनेच विंडोज टाकून दिलेल्या लॅपटॉपची की सहसा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, डिस्कसोबत ती जात नाही. तुमची की होमची आणि टाकलंय प्रो, म्हणून ती लागत नाही. होम पुन्हा टाका.

आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. ८ जीबीचा पेनड्राइव्ह (त्यातलं सगळं पुसलं जाईल) आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल पुरे. डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, मग होम. एसएसडीवरची जुनी पार्टिशन्स काढून मोकळ्या जागेवर इन्स्टॉल करा.

खरी अडचण इथे येते: इंटेल ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर यादीत डिस्कच दिसत नाही. एसएसडी खराब नसते; व्हीएमडीचा (इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय) ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा.

नेट जोडलं की ॲक्टिव्हेशन बहुधा आपोआप होतं. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन इथे तपासा. रस्त्यावर मिळणारी दोन-तीनशेची की मात्र घेऊ नका. अशा की पुढे रद्द होतात.